उभं सागवान, आडवं सागवान



बल्लारशाहच्या आगारात लिलावाच्या दिवशी सागवानाच्या एखाद्या लॉटवर बोली चढत जाते आणि शेवटी एक आकडा ठरतो. त्या आकड्याबद्दल कोणाला शंका नसते. घेणारा समोर आहे, माल समोर आहे, प्रत्येक नगावर घेर आणि लांबी लिहिलेली आहे. पण तेच लाकूड वर्षभरापूर्वी आलापल्लीच्या रानात झाड म्हणून उभं होतं, तेव्हा त्याची किंमत किती होती? ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते सर हा प्रश्न नव्या वनाधिकाऱ्यांना हमखास विचारत. उत्तरादाखल कोणी आकडा सांगितला की पुढचा प्रश्न यायचा, "कोणाच्या हिशेबाने?" आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

रूढ पद्धत आधी सांगतो, कारण व्यवहारात नव्वद टक्के काम तिच्यावर चालतं. आगारातला भाव घ्यायचा आणि मागे मागे जायचं. लिलावाचा आणि आगाराचा खर्च वजा. ट्रकचं भाडं वजा. चढाई-उतराईची मजुरी वजा. झाड पाडणं, फांद्या छाटणं, नग पाडणं, कुपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, रस्त्यापर्यंत ओढून आणणं, हे सगळं वजा. खासगी व्यापारी असेल तर त्याचा नफा, त्याची जोखीम आणि तोवर अडकलेल्या पैशाचं व्याजही वजा. शेवटी जे उरेल ते उभ्या झाडाचं.

'उरेल ते', हे इथे महत्त्वाचं. साखळीतल्या प्रत्येकाला आपापला वाटा मिळाल्यावर जे शिल्लक राहतं ते झाडाच्या नावावर पडतं. म्हणून एकाच घेराची, एकाच उंचीची, तितक्याच सरळ खोडाची दोन झाडं घ्या. एक डांबरी रस्त्याला लागून, दुसरं भामरागडकडे दोन नाले ओलांडून. दोन्हींची किंमत वेगळी. उद्या त्या नाल्यांवर पूल झाले तर दुसऱ्या झाडाची किंमत वाढेल, त्याच्या बुंध्यात तसूभरही भर न पडता. आणखी एक गंमत पाहा. समजा आगारातला भाव 100 आणि एकूण खर्च 40, म्हणजे उभ्या झाडाचे 60. बाजार दहा टक्क्यांनी पडला, भाव 90 झाला. मजुरी आणि डिझेल काही पडलं नाही. उभ्या झाडाचे राहिले 50. बाजार एक दशांश पडला, झाड एक षष्ठांश पडलं. मंदीचा सगळा भार शेवटी जंगलाच्या मालकावर येतो, मग तो मालक सरकार असो की शेतकरी.

आता मोजणी. आपल्याकडे झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घेतात, म्हणजे जुन्या साडेचार फुटांवर. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून. टेपखाली वेल असेल तर ती आधी काढायची. झाड छातीच्या उंचीखालीच दुभंगलं असेल तर ती दोन झाडं धरायची. सागवानाची एक खोड अशी की बुंध्याशी त्याला पन्हाळी पडतात, खाचा आणि उंचवटे. टेप उंचवट्यांवरून जाते, खाचांतली हवाही लाकूड म्हणून मोजली जाते. शिवाय आतून झाड पोकळ आहे का, वणव्याने बुंधा जळून कीड आत शिरली आहे का, हे टेपला कळत नाही. त्यासाठी जुना वनरक्षक कुऱ्हाडीचा तुंबा खोडावर आपटून कान देतो. हे ज्ञान कुठल्याही तक्त्यात नाही. तक्ते मात्र आहेतच: 1940 साली लॉरी आणि संत राम यांनी भारत आणि ब्रह्मदेशातल्या साग रोपवनांचे उत्पन्न-तक्ते प्रसिद्ध केले. जमिनीची प्रत आणि रोपवनाचं वय कळलं की हेक्टरी किती लाकूड अपेक्षित धरावं हे त्यांवरून कळतं. जमिनीची प्रत ओळखण्यात मात्र दोन माणसांचं सहज दुमत होतं.

झाड पडल्यावर नगाचं माप घेतात, तिथे आणखी एक जुनं सूत्र आहे. मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. अठराव्या शतकातल्या हॉपस नावाच्या इंग्रजाच्या मापनपुस्तकामुळे हे रूढ झालं आणि भारतातल्या लाकूडबाजारात मुरलं. 120 सेंटीमीटर घेराचा, 6 मीटर लांबीचा नग घ्या. या सूत्राने तो भरतो 0.54 घनमीटर. वर्तुळाच्या सूत्राने खरं घनफळ येतं जवळजवळ 0.69. म्हणजे साडेएकवीस टक्के लाकूड कागदावरून नाहीसं. समर्थन असं की गोल ओंडक्यातून चौकोनी लाकूड कापताना एवढं वाया जातंच. ठीक आहे. व्यापारी आणि वनखातं दोघांनाही हे ठाऊक असतं, दोघेही भाव त्याच हिशेबाने बांधतात, त्यामुळे आगारात कोणी फसत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो फसतो, आणि तो आगारात नसतो. तो आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा असतो.

धुऱ्यावरच्या सागवानाचा सौदा बहुतेक उक्ता होतो. व्यापारी येतो, एक फेरी मारतो, झाडांकडे पाहिलं न पाहिलंसं करतो आणि सगळ्या झाडांचा मिळून एक आकडा सांगतो. शेतकऱ्याला मुलीचं लग्न असतं किंवा दवाखाना असतो. तोडीची परवानगी, 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याचे कागद, हातोड्याचे ठसे, वाहतूक परवाना, ही सगळी यातायात व्यापारी अंगावर घेतो आणि तिची किंमत अंदाजाने कापतो. ती किती कापली हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. घनफूट किती भरले, नग कोणत्या घेराचे निघाले, बाजारात काय गेले, यातलं काहीही त्याच्यापर्यंत परत येत नाही. आदिवासी खातेदारांच्या बाबतीत ही लूट इतकी उघड होती की 1969 साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. त्यांच्या मालकीची झाडं वनखात्यामार्फत तोडून विकायची आणि पैसे खातेदाराला द्यायचे. कायदा चांगला. पण खात्याच्या रांगेत थांबायला लागणारा वेळ ज्याच्याकडे नाही, तो आजही चोरवाटेने व्यापाऱ्याकडेच जातो. कायदा लिहिणाऱ्यांनी लाकडाची किंमत धरली, थांबण्याची धरली नाही.

उभ्या झाडाच्या मालकाला विचारून, पैसे देऊन मगच झाड तोडावं, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं समजू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या प्रकरणात हे आलेलं आहे. जहाजांसाठी साग वगैरे लाकूड राज्यातल्या अरण्यातून हुजूरच्या परवानगीने आणावं. आंबा-फणसही उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालेलं असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावं. या मजकुराला पर्यावरणाची पताका लावून मिरवण्याची आता फॅशन आहे. मला त्यात एक चोख महसुली डोकं दिसतं. झाडाच्या किमतीत ते वाढायला लागलेला काळ धरला पाहिजे, हे त्या अमात्याला कळत होतं.

त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत जहाजांनी पश्चिम किनाऱ्याचा साग खाऊन टाकला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची बांधलेली 'त्रिंकोमाली' 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, यावरून त्या लाकडाची कल्पना करा. 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी चातू मेनन यांच्या मदतीने निलंबूरला साग लावायला घेतला. मुंबई इलाख्यात 1847 साली दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे डॉ. गिब्सन वनसंरक्षक झाले. पण उभ्या जंगलाची मोजदाद करून तिच्या आधारे तोड ठरवण्याचं काम या उपखंडात खऱ्या अर्थाने सुरू झालं ते ब्रह्मदेशातल्या पेगूत, 1856 पासून. करणारे होते डीट्रिख ब्रॅंडिस. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक.

ब्रॅंडिस यांची रीत मला अजून भुरळ घालते. त्यांचे अमेरिकन शिष्य गिफर्ड पिंचो यांनी ती लिहून ठेवली आहे. बांबूच्या गचपणातून माणसाला चालता येत नसे, म्हणून ते हत्तीवर बसून जात. डाव्या हातात लाकडाच्या चार काड्या, उजव्या हातात खिशातला चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात सागाचं झाड दिसलं की त्याच्या आकाराच्या वर्गाच्या काडीवर एक खाच. सहा फुटांहून जास्त घेर तो पहिला वर्ग, साडेचार ते सहा तो दुसरा, असे खालपर्यंत. संध्याकाळी खाचा मोजायच्या. पट्ट्याची रुंदी ठाऊक, कापलेलं अंतर ठाऊक, त्यावरून एकूण जंगलाचा अंदाज. मग प्रश्न असा: दुसऱ्या वर्गाचं झाड पहिल्या वर्गात जायला किती वर्षं लागतात? त्यांचा हिशेब आला 24. म्हणजे पहिल्या वर्गातल्या झाडांचा चोविसावा हिस्सा दरसाल तोडायचा, कारण तेवढ्या काळात मागचा वर्ग पुढे येऊन जागा भरून काढतो. तोडही कशी? आधी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड कापून झाड उभ्याउभ्या वाळवायचं, दोन-तीन वर्षं तसंच ठेवायचं. ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके नदीतूनच न्यायचे असत.

या रीतीत रुपया कुठेच नाही. फक्त झाडांची संख्या आणि काळ आहे. किती शिल्लक, किती वाढ, किती तोड. माझ्या मते उभ्या लाकडाच्या मूल्यमापनाचा पाया एवढाच आहे. पुढे पैशाचं गणित आलं आणि ते जर्मनीतूनच आलं. 1849 मध्ये मार्टिन फाउस्टमान यांनी दाखवलं की झाडांखालच्या उघड्या जमिनीची किंमत काढायची तर त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या सगळ्या पिकांचं उत्पन्न, व्याजाने मागे आणून, बेरजेत धरावं लागतं. सूत्र निर्दोष आहे. आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं. ब्रॅंडिस यांच्यानंतर वनमहानिरीक्षक झालेले श्लिख यांनी आपल्या ग्रंथातून हे सगळं गणित इंग्रजीत आणलं, आणि आमच्या पिढीपर्यंतच्या वनाधिकाऱ्यांनी ते घोकलं.

घोकताना एक गोष्ट आमच्या लक्षात यायला उशीर लागे. सागाचं झाड 80 वर्षांनी 1 लाख रुपये देणार आहे असं धरा. दरसाल 4 टक्के व्याजाने मागे आलात तर आज त्याची किंमत सुमारे 4,300 रुपये. 8 टक्के धरलेत तर 212 रुपये. झाड तेच, जमीन तीच, 80 वर्षांनंतरचा भावही तोच. व्याजाचा दर दुप्पट केला तर किंमत वीसपटीने पडली. आणि हा दर जंगलातून येत नाही. तो मुंबई-दिल्लीतल्या कोणत्या तरी टेबलावर ठरतो. दर चढा ठेवला की झाड वाढू देणं मूर्खपणाचं ठरतं, लवकर तोडा असंच सूत्र सांगतं. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात याच मुद्द्यावर दोन पंथ कित्येक दशकं भांडले. एक म्हणे जमिनीला जास्तीत जास्त व्याज मिळालं पाहिजे, म्हणून लवकर तोड. दुसरा म्हणे जंगल हे अखंड भांडवल आहे, त्यातून दरसाल निघणारं निव्वळ उत्पन्न पाहा, तोड उशिरा करा. पहिल्या पंथाचे धुरीण प्रेसलर यांनी झाडाच्या वाढीचे तीन भाग पाडले: लाकूड वाढतं, लाकडाची प्रत वाढते आणि बाजारभाव वाढतो. आम्ही सागवानवाले दुसऱ्या भागावर जगतो. मोठ्या घेराच्या नगाला घनमीटरमागे मिळणारा भाव लहान नगाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. तरुण झाडात पांढरट कच्चं लाकूड जास्त, गाभा कमी. गाभा हेच सागवान.

हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशा हजारो मध्यमवर्गीय घरांनी 1990 च्या दशकात सागाच्या लागवड-योजनांत पैसे घातले. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती असायच्या. एक रोप घ्या, वीस वर्षांनी लखपती व्हा. त्यांचं गणित सरळ होतं: म्हाताऱ्या सागाचा आगारातला भाव घ्यायचा आणि तो वीस वर्षांच्या झाडाला लावायचा. तोड, वाहतूक, मर, चोरी, गाभ्याचं प्रमाण, काहीच वजा नाही. सेबीने 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले तोवर बहुतेकांचे पैसे गेले होते. उभ्या झाडाच्या किमतीचं अज्ञान शेतकऱ्याला स्वस्तात विकायला लावतं आणि शहरी माणसाला महागात घ्यायला लावतं.

आता आजचा प्रश्न. महामार्गासाठी जमीन जाते, धुऱ्यावरची 15 वर्षांची सागाची झाडं जातात. 2013 च्या कायद्याप्रमाणे झाडांचं मूल्य जाणकाराकडून ठरवायचं. जाणकार येतो आणि आजच्या बाजाराने बल्लीची, म्हणजे बारीक वाशाची, किंमत लावतो. समजा 800 रुपये. शेतकरी म्हणतो, साहेब, आणखी 30 वर्षांनी याचे 25,000 झाले असते. दोघंही खोटं बोलत नाहीत. 12 टक्क्यांनी मागे आणलं तर ते 25,000 आज 834 होतात, म्हणजे बल्लीचाच भाव. 6 टक्क्यांनी आणलं तर 4,350 च्या वर जातात. त्या शेतकऱ्याला झाड तोडायचं नव्हतं. ते कधी तोडायचं हा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला गेला, आणि त्या निर्णयाची किंमत बल्लीच्या भावात येत नाही. उभ्या झाडाची किंमत काढणं आणि ते कधी पाडायचं हे ठरवणं, माझ्या मते, ही एकच गोष्ट आहे. तोडीची तारीख ज्याच्या हातात, किंमतही त्याच्याच हातात.

मोहाचं झाड या सगळ्या गणिताला दाद देत नाही. इमारती लाकूड म्हणून त्याची पत बेताची. पण गडचिरोलीतल्या कोणत्याही गोंड घरात विचारा, ते झाड कोणाचं, त्याची फुलं कोण वेचतं, हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे. दर उन्हाळ्यात फुलं, नंतर टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल. त्याच्या किमतीचा हिशेब दरसालच्या उत्पन्नावरून मांडायचा असतो, आणि त्या हिशेबात तोडीची तारीख नाहीच. खात्याच्या नियमांतही कूप तोडताना मोह राखायचा असतो. वहीत मात्र तो 'राखलेलं झाड' म्हणून येतो, उत्पन्न म्हणून येत नाही, कारण ते उत्पन्न खात्याच्या तिजोरीत पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा तिढा सोडवण्याचा प्रयत्न केला. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणात जंगल दुसऱ्या कामाला द्यायचं तर त्याचं निव्वळ वर्तमान मूल्य भरलं पाहिजे असं ठरलं. कांचन चोप्रा समितीच्या अभ्यासानंतर 2008 मध्ये हेक्टरी 4.38 लाखांपासून 10.43 लाखांपर्यंत दर ठरले, 2022 मध्ये ते वाढवले गेले. लाकडाखेरीज पाणी, माती, जळण, चारा, कार्बन यांनाही किंमत आहे हे पहिल्यांदाच अधिकृतपणे वहीत आलं, हे त्या निर्णयाचं मोठेपण. पण जंगलाला दर लागला की ते विकत घेता येतं असा समज पसरतो. खाणवाला दर भरतो आणि सुटल्यासारखा वागतो. दुसरं टोकही पाहा. 2021 मध्ये न्यायालयाच्याच एका समितीने झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे 74,500 रुपये किंमत सुचवली, त्यातले 45,000 प्राणवायूचे. हेतूबद्दल मला आदर आहे, हिशेबाबद्दल नाही. हवेत एकवीस टक्के प्राणवायू आहे, एक झाड गेल्याने कोणाचा श्वास अडत नाही. फुगवलेला आकडा वकिलाला एका सुनावणीपुरता उपयोगी पडतो, पुढच्या सुनावणीत समोरचा तो टाचणी लावून फोडतो, आणि त्याबरोबर झाडाच्या खऱ्या किमतीवरचा विश्वासही जातो.

2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहहून सागवान निघालं तेव्हा शोभायात्रा निघाली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे. मुंबईचे सुतार आजही 'सीपी', म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं, सागवान म्हणून आपलं लाकूड वेगळं ओळखतात. पण ज्या कंपार्टमेंटांतून असं लाकूड येतं तिथे आता पहिल्या वर्गाची झाडं किती उरली, दुसऱ्या वर्गातून किती वर येत आहेत, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. सरकारी हिशेबात लिलावाची रक्कम जमा म्हणून दिसते. त्या रकमेसाठी उभ्या साठ्यातून काय गेलं त्याची खर्ची नोंद कुठेच पडत नाही. एखादं वर्ष जास्त तोड झाली तर खात्याची कामगिरी उत्तम ठरते.

यावर उपाय नवीन शोधायचा नाही. प्रत्येक वनविभागाची दहा वर्षांची कार्य आयोजना असते. गोदावर्मन प्रकरणातल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेशिवाय तोडच करता येत नाही. तिच्यात घेरवर्गांनुसार झाडांची गणना असते, म्हणजे ब्रॅंडिस यांच्या काड्यांवरच्या खाचाच, फक्त संगणकात. मागच्या आयोजनेतली गणना आणि चालू आयोजनेतली गणना शेजारी शेजारी ठेवायची. मधल्या दहा वर्षांतली तोड, वणवा, चोरी, अतिक्रमण हे खर्चाच्या बाजूला, वाढ जमेच्या बाजूला. चार स्तंभांचा एक तक्ता, प्रत्येक विभागाचा, दरवर्षी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापावा. त्याला काही नवीन सर्वेक्षण लागत नाही. विरोध होईल तो याचसाठी की दोन गणनांच्या पद्धती वेगळ्या होत्या, त्यामुळे तुलना करता येत नाही, असं सांगितलं जाईल. ते काही प्रमाणात खरंही आहे. मग निदान जे जुने नमुना-भूखंड अजून शाबूत आहेत तेवढ्यांपुरता तरी तक्ता द्या, आणि पुढची गणना त्याच जागी, त्याच उंचीवर टेप लावून करा. मध्य चांदा आणि आलापल्ली या दोन विभागांपासून सुरुवात करता येईल. तसा अर्ज माहितीच्या अधिकारात करायचा असेल तर त्याचा मसुदा मी सोबत आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो आयोजकांकडून घ्यावा.